टिक्का टी३एक्स व्हार्मिंट .२२३ आणि घरी जोडलेली .२०४ : प्रेअरी डॉगसाठी दोन रायफलींचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारणं मग. साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना या बाजूला प्रेअरी डॉगवर दिवसभर नेमबाजी करायला जायचं असेल आणि एकच रायफल घेणार असाल तर .२२३ रेमिंग्टन काडतुसाची घ्या (आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचात), जाड नळीची घ्या, आणि हजार-अकराशे डॉलरची तयारी असेल तर टिक्काची टी३एक्स व्हार्मिंट डोळे मिटून घ्या. मी ओमाहात राहतो, उन्हाळ्यात इंटरस्टेट ९० धरून कडोका-वॉल या बाजूला जातो, आणि माझ्याकडे दोन रायफली आहेत, एक ही टिक्का आणि दुसरी सॅव्हेजच्या ॲक्शनवर (काडतूस आत ढकलणारा बोल्ट ज्यात चालतो तो मधला भाग) मीच घरी जोडलेली .२०४ रूगर. दोन्हीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण विचारतात, आणि त्यातले निम्मे लोक आधी व्हिडिओ बघून सगळ्यात फास्ट काडतुसाच्या मागे लागलेले असतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हरणाच्या शिकारीत वर्षाकाठी एक-दोन गोळ्या सुटतात, नळी गरम व्हायचा प्रश्नच नाही. प्रेअरी डॉगचं तसं नाही. ही बिळात राहणारी, किलो-सव्वा किलोची, खारीच्या कुळातली जनावरं, त्यांची मोठमोठी गावंच्या गावं माळावर पसरलेली असतात, कुरणातलं गवत खाऊन साफ करतात म्हणून रँचवाले वैतागलेले असतात, आणि चांगल्या दिवशी एका माणसाच्या हातून दोनशे-तीनशे गोळ्या सहज जातात. म्हणजे रायफल किती फास्ट यापेक्षा ती किती गरम होते, नळी किती वर्षं टिकते, एक गोळी कितीला पडते आणि संध्याकाळी खांदा-डोळे शाबूत राहतात का, हे चार प्रश्न खरे. बाकी सगळं नंतर.

आता .२२३ च का. साधा हिशोब करू. एक पौंड पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, ७००० ग्रेन भरते. .२२३ च्या एका काडतुसात साधारण २५ ग्रेन लागते, म्हणजे पौंडात २८० च्या आसपास काडतुसं होतात. .२२-२५० ला ३६ च्या आसपास लागते, म्हणजे पौंडात जेमतेम १९५. गोळी दोन्हीत तेवढ्याच व्यासाची, म्हणजे तेवढ्याच भोकातून जवळजवळ दीडपट जाळ जातो, आणि तो जाळ पहिल्यांदा खातो ते चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा नळीचा गळा, ज्याला इथे थ्रोट म्हणतात. .२२० स्विफ्ट १९३५ साली आली तेव्हापासून तिची ख्यातीच अशी की वेग भन्नाट पण नळ्या खाते, आणि .२२-२५० (रेमिंग्टनने १९६५ साली अधिकृत केली, त्याआधी वर्षानुवर्षं लोक घरगुती म्हणून वापरायचे) तिच्याच वाटेवरची. मी म्हणत नाही की .२२-२५० वाईट आहे, ४०० यार्डांच्या पुढे वाऱ्यात ती .२२३ पेक्षा सरस आहे यात वादच नाही, पण सकाळपासून तीच एक चालवलीत तर दुपारपर्यंत नळीला हात लावता येणार नाही आणि दोन-चार सीझनमध्ये नवीन नळीचा खर्च समोर येईल.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि ते दुकानात कळत नाही. .२२३ ला धक्का इतका कमी, त्यात जाड नळीचं वजन, की बार सुटल्यावर स्कोपमधलं चित्र हलत नाही, गोळी कुठे लागली ते स्वतःलाच दिसतं. डावीकडे धूळ उडाली की लगेच पुढची गोळी तेवढी उजवीकडे. सोबतीला गोळी कुठे पडली ते बघून सांगणारा स्पॉटर नसला तरी चालतं. .२२-२५० ला स्कोप उसळतो, चित्र परत जागेवर येईपर्यंत धूळ बसलेली असते.

टिक्काबद्दल. ही रायफल फिनलंडमध्ये रिहिमाकी इथे साकोच्या कारखान्यात बनते. टी३ जुनी, टी३एक्स २०१६ ला आली, त्यात बोल्टच्या मागचं टोपण प्लॅस्टिकचं होतं ते धातूचं केलं, आणि काडतुसं बाहेर पडायची खिडकी मोठी केली, म्हणजे वरून एकेक काडतूस बोटाने सरकवता येतं. या कामात ते फार उपयोगाचं आहे, कारण मॅगझिन भरत बसण्यापेक्षा डब्यातून एक उचलायचं, आत टाकायचं, बोल्ट बंद, असा ठेका बसतो. बोल्ट फक्त ७० अंश उचलायला लागतो, त्यामुळे मोठा स्कोप बसवला तरी बोटं आयपीसला घासत नाहीत. आणि तो बोल्ट ज्या गुळगुळीतपणे मागे येतो ना, हाताला लोणी लागल्यासारखं वाटतं, बेंचवर गाल न उचलता दोन बोटांनी बोल्ट मारता येतो. दिवसभरात एवढ्या वेळा ती हालचाल करायची असते की ही चैन नाही, गरज आहे.

ट्रिगर कंपनीचाच ठेवलाय. स्क्रूने दोन ते चार पौंडांत ॲडजस्ट होतो, मी सगळ्यात हलका ठेवलाय, स्वच्छ तुटतो. याच्यात टिमनी वगैरे दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर बसवायची मला गरज वाटली नाही. स्टॉक, म्हणजे दस्ता, प्लॅस्टिकचाच, पण व्हार्मिंट मॉडेलचा पुढचा भाग रुंद आहे, वाळूच्या पिशवीवर सपाट बसतो, आणि गालाची बाजू उंच केलेली आहे त्यामुळे डोळा आपसूक स्कोपच्या मागे येतो. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात अशी कंपनीची हमी आहे, माझी त्याहून बरीच चांगली बसते, आणि मुख्य म्हणजे नळी कोमट झाल्यावरही नेम सरकत नाही. हेच बघायचं असतं, थंड नळीवरचा पहिला ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) बघून कोणी रायफल निवडू नये.

ट्विस्टवर थोडं थांबतो, कारण इथे लोकांचा फार गोंधळ होतो. टिक्काच्या .२२३ ला १:८ ट्विस्ट आहे, म्हणजे आठ इंचात गोळीचा एक पूर्ण फेरा. जुन्या व्हार्मिंट (छोट्या उपद्रवी जनावरांसाठीच्या) रायफलींना १:१२ किंवा १:१४ असायचा, कारण ४०-५० ग्रेनच्या आखूड गोळ्यांना तेवढा पुरतो. सेकंदाला ३५०० फूट वेगाने १:८ मधून निघालेली गोळी मिनिटाला ३,१५,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरते, तीच १:१२ मधून २,१०,०००. अगदी पातळ जॅकेटच्या (वरच्या धातूच्या आवरणाच्या) काही गोळ्या, म्हणजे मुद्दाम हळू वेगासाठी बनवलेल्या, इतक्या फिरकीत हवेतच फुटू शकतात. पण हॉर्नडीची व्ही-मॅक्स, सिएराची ब्लिट्झकिंग, नोस्लरची बॅलिस्टिक टिप, या मला १:८ मधून कधी हवेत फुटलेल्या दिसल्या नाहीत, मी ५० आणि ५३ ग्रेनची व्ही-मॅक्स वापरत आलोय. उलट जास्त फिरकीमुळे गोळी लागल्यावर जास्त जोरात फुटते, जमिनीला लागली तरी तिथेच तुकडे होतात, आणि सपाट माळावर ते फार महत्त्वाचं आहे. पूर्ण धातूच्या कवचाची स्वस्त मिलिटरी टाईपची गोळी इथे आणूच नका, दगडाला लागून सूं करत कुठे जाईल सांगता येत नाही, लांब कुठेतरी रँचची गुरं चरत असतात.

टिक्कात मनाला न पटणाऱ्या गोष्टीही आहेत. मॅगझिन प्लॅस्टिकचं, चालतं उत्तम, पण जादाचं घ्यायला गेलं तर किंमत बघून घाम फुटतो. लांब काडतूस असो की आखूड, ॲक्शन एकाच लांबीची, त्यामुळे .२२३ साठी उगाच मोठी वाटते. आणि रेमिंग्टन ७०० ला जेवढे सुटे भाग बाजारात मिळतात (ते मॉडेल १९६२ पासूनचं आहे, स्टॉक, ट्रिगर, नळ्या, सगळं जग त्याच्याभोवती फिरतं) त्या मानाने टिक्काला पर्याय कमी. ज्याला रायफल विकत घेऊन लगेच वापरायचीय त्याला याने काही फरक पडत नाही. ज्याला जोडाजोडीची हौस आहे त्याने पुढचं वाचावं.

.२०४ रूगर ही २००४ सालची, हॉर्नडी आणि रूगरने मिळून काढलेली. ३२ ग्रेनची गोळी, फॅक्टरी काडतुसात सेकंदाला ४२२५ फूट, ४० ग्रेनची ३९००. केसचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा, मागचा घेर .२२३ एवढाच, म्हणून .२२३ च्या ॲक्शनला बोल्ट न बदलता .२०४ ची नळी बसते. सॅव्हेजची गंमत इथेच आहे. १९५८ च्या मॉडेल ११० पासून त्यांची नळी एका नटने आवळलेली असते, लेथवर खांदा कापून बसवायची भानगड नाही. म्हणून तयार चेंबर केलेली नळी मागवायची आणि पाना, व्हाइस आणि हेडस्पेस गेज (चेंबरची खोली बरोबर आहे का ते तपासायची मापं) घेऊन गॅरेजमध्ये बदलायची. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये, यात तडजोड नाही. आणि पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी हवा किंवा सरळ गनस्मिथकडे न्या, पन्नास-शंभर डॉलर वाचवायची ही जागा नाही.

मी एक जुनी .२२३ सॅव्हेज सेकंडहँड घेतली, लॅमिनेटेड लाकडाचा रुंद स्टॉक टाकला, आणि २६ इंची जाड स्टेनलेस नळी मागवली, १:१२ ट्विस्टची. नळी एका छोट्या कंपनीकडून मागवली होती, त्यांनी कबूल केलेली तारीख उलटून गेली, मग दुसरी तारीख, मग फोन उचलणंच बंद, शेवटी आली तेव्हा तो उन्हाळा संपला होता. माल चांगला निघाला हे मान्य, पण यातून एवढंच सांगतो की सीझनसाठी रायफल जोडायची असेल तर ऑर्डर आदल्या दिवाळीत द्या, आणि नळी हातात आल्याशिवाय जुनी नळी काढू नका.

जोडल्यावर ही रायफल कशी आहे? वाऱ्यात .२२३ पेक्षा नक्कीच चांगली. ३०० यार्डांवर, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात, .२२३ ची ५० ग्रेनची गोळी दहा-अकरा इंच सरकते, .२०४ ची ४० ग्रेनची सात-साडेसात. ऐकायला फरक लहान, पण उभा राहिलेला प्रेअरी डॉग तीन-चार इंच रुंद असतो, म्हणजे वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तर एकीत गोळी लागते आणि दुसरीत हुकते. धक्का तर .२२३ पेक्षाही कमी, गोळी पोचताना पूर्ण दिसते. मग पहिली शिफारस हीच का नाही? कारण काडतुसं सगळीकडे मिळत नाहीत, आणि मिळाली तर महाग. परत भरायला .२२३ चे केस जमिनीवर पडलेले मिळतात, .२०४ चे विकत घ्यायला लागतात. २०२० नंतर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी) आणि पावडरचा जो दुष्काळ पडला त्यात छोट्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात .२२३ कधीतरी दिसायची, .२०४ चं शेल्फ रिकामंच.

दोन रायफली नेण्याचं खरं कारण हौस नाही, उष्णता आहे. एक चालवायची, दुसरी बोल्ट उघडा ठेवून सावलीत. माझा नियम सोपा, नळीच्या मधोमध तळहात टेकवायचा, पाच सेकंद धरून ठेवता आला नाही तर ती रायफल विश्रांतीला. ज्याच्याकडे तिसरीला पैसे आहेत त्याने .१७ एचएमआर घ्यावी. २००२ ची रिमफायर आहे, १७ ग्रेनची गोळी २५५० फुटांनी जाते, आवाज कमी, नळी तापत नाही, आणि सकाळी दीडशे यार्डांच्या आतले सगळे तिच्यावर भागतात. त्याच्या पुढे मात्र वारा तिला फूटभर उचलून नेतो, तिथे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

स्कोपवर लोक रायफलीपेक्षा जास्त पैसे घालतात, घालू देत, पण पॉवरच्या, म्हणजे किती पट मोठं दिसतं त्याच्या, मागे लागू नका. दुपारी माळावर आणि तापलेल्या नळीवरून जी लाट उठते त्यात २४ पॉवरला प्रेअरी डॉग पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. १४-१६ पॉवर, काच उत्तम, पॅरलॅक्स ॲडजस्टमेंट (डोळा हलला तरी नेम सरकू नये म्हणून), आणि वाऱ्यासाठी खुणा असलेलं रेटिकल (काचेतल्या नेमाच्या रेघा), एवढं पुरे. माझ्या टिक्कावर लिओपोल्डचा ४.५-१४ आहे. नळीवर आडवा ताणून लावायचा कापडी पट्टा मिळतो, गरम हवा स्कोपच्या समोरून बाजूला जाते, स्वस्त आणि खरोखर उपयोगी.

काच उत्तम का हवी याचं दुसरं कारण सांगतो आणि हे मी कळकळीने सांगतोय. याच बिळांमध्ये बरोइंग आउल नावाचं छोटं घुबड राहतं. दिवसा बिळाच्या मातीच्या उंचवट्यावर उभं असतं, अडीचशे यार्डांवरून रंग तोच, उंची जवळजवळ प्रेअरी डॉगच्या पिल्लाएवढी. स्कोपमध्ये नीट बघितलं तर पाय लांबडे दिसतात, डोळे पिवळे, आणि मधेच अख्खं अंग खाली-वर करतं, तसं प्रेअरी डॉग करत नाही. हे घुबड कायद्याने संरक्षित आहे. ओळख पटली नाही तर चापावर बोट नाही, कितीही वेळ गेला तरी.

तसंच काळ्या पायाचं फेरेट. हे जनावर नामशेष झालं असं समजत होते, १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये मीटीट्सीजवळ एका रँचच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं तेव्हा कळलं की अजून आहेत. ते जगतंच प्रेअरी डॉगवर. म्हणून बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडमधल्या कोनाटा बेसिनसारख्या भागात, जिथे फेरेट सोडलेत, तिथे प्रेअरी डॉगवर गोळी चालवायला बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. २००८ मध्ये तिथे प्लेगही आला, पिसवांतून, त्यात कितीतरी गावं ओस पडली. त्यामुळे मेलेल्या जनावराला हात लावू नका, कुत्रा बरोबर नेऊ नका. सरकारी जमिनीवर पिल्लांच्या काळात, मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, साउथ डकोटात बंदी असते, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला लायसन्स लागतं, आणि खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी. नकाशा आणि नियम दर वर्षी नव्याने बघा.

मेलेली जनावरं गरुड, ससाणे खातात, आणि फुटलेल्या गोळीतलं शिसं त्यांच्या पोटात जातं. म्हणून मी हळूहळू लेड-फ्रीकडे वळतोय, हॉर्नडीची एनटीएक्स, बार्न्सची व्हार्मिंट ग्रेनेड वगैरे. महाग आहेत हे खरं. पण शिसं नसलेली गोळी त्याच वजनाला जास्त लांब होते आणि लांब गोळीला फास्ट ट्विस्ट लागतो, तेव्हा टिक्काचा १:८ इथे कामाला येतो.

आमच्या सिंधुदुर्गात शेतसंरक्षण परवान्यावर घरात ठासणीची बंदूक असणारे शेतकरी मी लहानपणापासून बघितलेत, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, आणि तरी रानडुक्कर रात्रीत भात लोळवून जायचं. त्यामुळे इथला रँचवाला कुरणाबद्दल बोलायला लागला की मला ते परकं वाटत नाही. पण भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असा काही खेळ नाही, हे सगळं इथलंच आहे, आणि इथेही आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ग्रीन कार्ड असेल तर फॉर्म ४४७३ भरून, बॅकग्राउंड चेक होऊन रायफल घेता येते. एच-१बी वगैरे व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मुळात मनाई आहे, अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असणं. म्हणजे रेंजवर मित्राची रायफल हातात घेण्याआधीसुद्धा ते लायसन्स काढा, आणि त्याची मुदत संपू देऊ नका, यात ढिलाई झाली तर प्रश्न दंडाचा राहत नाही, व्हिसाचा होतो.

देखभालीचं एवढंच, रोज संध्याकाळी मोटेलवर परतलं की बोअर गाइड (सफाईची सळई सरळ धरणारी नळी) लावून नळी साफ. तांब्याचे थर सगळे बघतात, पण एवढ्या गोळ्यांनंतर थ्रोटच्या तोंडाशी कार्बनचं कडं धरतं ते कोणी बघत नाही, आणि ग्रुप बिघडला की नळी गेली म्हणून मोकळे होतात. माझ्या ओळखीत चांगल्या नळ्या अशाच विकल्या गेल्यात.

माझी .२०४ ची नळी उतरणीला लागली की पुढची .२० प्रॅक्टिकल मागवणार आहे. गोळी तीच .२०४ ची, पण केस .२२३ चा, फक्त मान आवळायची. म्हणजे टिक्काने टाकलेले केस उचलायचे आणि सॅव्हेजमध्ये वापरायचे, वेग .२०४ पेक्षा थोडा कमी, पण केस विकत घ्यायची कटकट संपली. चेंबर कापून देणारा माणूस शोधून ठेवलाय, या वेळी ऑर्डर दिवाळीच्याही आधी जाणार.